पान नऊ : अप्पांचा सत्कार

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी ९.१०

आजपासून नोंदी ठेवायच्या. उद्देश एकच, काम वेळेत पूर्ण होणे. भावना लिहायच्या नाहीत.

काम: डिजिटल स्क्रॅपबुक, चोवीस पानं. विषय: अमरनाथची आजी सिद्धम्मा. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात. १५ डिसेंबरला त्यांना ऐंशी पूर्ण होतात. सोमवार, महादेवाचा वार आहे, म्हणून लातूरच्या घरी कार्यक्रम. जंगम, म्हणजे त्यांचे पुरोहित, येणार, पूजा होणार, जेवणं होणार आणि जेवणानंतर हॉलमधल्या टीव्हीवर माझं स्क्रॅपबुक. ते संपलं की अमरनाथ वडिलांना आमच्या लग्नाचं सांगणार. हा क्रम त्याने ठरवला. त्याचं म्हणणं, आधी काम दिसू दे, मग माणूस. मला ते पटलं.

अमरनाथ सीटी स्कॅन मशीनच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. दोन वर्षांपूर्वी आमची मशीन बंद पडली तेव्हा आला होता. मी नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात इमेजिंग टेक्निशियन. ते लिंगायत, लातूरच्या गंज गोलाईत भांड्यांचं दुकान. आम्ही मराठे, लातूरकडच्या मुरुडजवळ शेती. ही माहिती फक्त नोंदीसाठी. मला कोणाचीही पसंती मिळवायची नाही. काम चांगलं झालं की पसंती आपोआप येते.

ठराव: एक, रोज एक पान. दोन, अमरनाथला दिवसातून एकच फोन.

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.३०

दिवाळीनंतर अमरनाथने आणून दिलेला पत्र्याचा डबा उघडला. एकेचाळीस फोटो. बुरशी बारा, वाळवी चार, चहाचा डाग एक. एका फोटोत अव्वांचं लग्न आणि अर्धी म्हैस आहे.

स्वरूप पारंपरिक ठेवणार. खणाचा पोत, इरकल काठ, झेंडूचं तोरण. एवढं कोणीही करतं. त्यावर मी कलेचा हात फिरवणार: जलरंगाचा हलका थर, शाईचे शिंतोडे, कडेने टाक्यांची शिवण, प्रत्येक फोटोला तीन पिक्सेलची सावली. दिवसाला साठ-सत्तर एक्स-रे माझ्या डोळ्यांखालून जातात. प्रतिमेतला दोष मला इतरांच्या आधी दिसतो.

पान एक सुरू. सावली तीनऐवजी चार पिक्सेल बरी दिसते का, यात संध्याकाळ गेली. फोन दोन. पैकी एक तांत्रिक.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३.००

तीन पानं झाली. ठरावाप्रमाणे सहा व्हायला हवी होती, पण दर्जा वेगळा आहे.

आज डब्याच्या तळाशी खाकी पाकीट सापडलं. आत एकच फोटो, कृष्णधवल, मोठा, सगळ्या डब्यातला सर्वात स्पष्ट. पाठीमागे उदगीरच्या स्टुडिओचा शिक्का आणि तारीख: १४-३-१९८७. अमरनाथचे आजोबा मलप्पा, म्हणजे अप्पा. तेव्हा ते उदगीरला आडत चालवायचे, व्यापाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. फोटोत ते केळीच्या खुंटांच्या मखरात बसलेत. डोक्याला पांढरा फेटा, कपाळभर विभूती, गळ्यात हारच हार. डाव्या तळहातावर इष्टलिंग. भोवती पन्नासेक माणसं. हा सत्कार असणार, याबद्दल मला शंका नाही.

फोटोतले दोष:
डोळे मिटलेले. नेमक्या क्षणी पापणी लवली.
हनुवटीखालून डोक्यापर्यंत पांढरी पट्टी बांधली आहे. दातदुखी असावी. त्या काळी दंतवैद्य सहज मिळत नसत.
मागून कोणीतरी डोक्याला हात लावून उभं आहे. फेटा सारखा करत असेल.
डावीकडच्या बायकांनी तोंडावर पदर घेतलेत. मार्च महिना, ऊन. समजू शकते.

हे पान नऊ होणार. बाकीची पानं त्याच्याभोवती.

१० नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.४५

अमरनाथची मोठी बहीण वर्षाराणी हिचा फोन. ती लातूरला शाळेत शिकवते. मला मॅडम म्हणते आणि प्रत्येक मॅडमनंतर थोडी थांबते. तिने विचारलं की मॅडम, डब्यात खाकी पाकीट आलंय का. अव्वा कालपासून शोधून राहिल्यात. आलंय म्हटलं. ती म्हणाली, ते चुकून आलं, त्यातला फोटो घेऊ नका, तो अव्वांचा हाय, आहे तसा पाकिटात राहू द्या, अमर आला की द्या त्याच्याकडे. मी म्हटलं, समजलं. काय समजलं, ते तिने विचारलं नाही.

विचार करता अर्थ स्पष्ट आहे. अव्वांना तो फोटो सर्वात जास्त प्रिय आहे. साध्या माणसांना आपली सर्वात चांगली गोष्ट दुसऱ्याच्या हातात द्यायला संकोच वाटतो. तोच फोटो दुरुस्त होऊन समोर आला, तर परिणाम सर्वात मोठा.

स्कॅन आधीच केला होता. सहाशे डीपीआय. मूळ फोटो पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. म्हणजे सांगितलं ते पाळलं.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.००

घाईने निर्णय घेणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून अभ्यास केला. इष्टलिंगपूजेचे तीन व्हिडिओ पाहिले. लिंग डाव्या तळहातावर धरून त्याकडे एकटक बघायचं असतं. म्हणजे डोळे उघडे पाहिजेत. फोटोतले मिटलेले डोळे ही फोटोग्राफरची चूक, हे आता सिद्ध झालं.

डोळे कुठून आणायचे? डब्यात अप्पांच्या आडत परवान्यावरचा छोटा फोटो आहे. त्यातले डोळे घेतले, दोनशे वीस टक्के मोठे केले, नव्या लेयरवर बसवले. पट्टी क्लोन ब्रशने काढली. विभूतीला थोडी चमक दिली. गालांना रंग दिला. त्वचेचा टोन आजूबाजूच्या माणसांपेक्षा बराच मंद होता. मखराची सावली पडली असेल.

मागचा हात फार त्रास देतोय. मनगटापासून कापला, तरी बोटं फेट्यावर राहतात. एकेक बोट पुसावं लागलं. पदरवाल्या बायका सरळ काढल्या. चेहरे दिसत नाहीत, त्यांचा उपयोग नाही.

लुंबिनी शेजारी बसून पोहे खात होती. माझी रूममेट, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रक्तालघवीच्या बाटल्यांमध्ये आयुष्य जातं तिचं, सहसा कशाने बिचकत नाही. तिने लॅपटॉप तिकडं फिरव म्हणून सांगितलं. का, विचारलं. म्हणाली, हा माणूस मला बघून राहिलाय आणि त्याला मी दिसत नाही.

नजरेची दिशा दोन अंशांनी दुरुस्त केली.

१९ नोव्हेंबर, बुधवार. रात्री ८.१५

बापूंचा फोन. सोयाबीनचा भाव, आईचे गुडघे, मग त्यांनी विचारलं की लातूरच्या त्या दुकानवाल्यांचं काय चाललंय. मी म्हटलं, एका प्रोजेक्टवर काम करते. ते म्हणाले, पोरगी घरात देणं म्हणजे काय प्रोजेक्ट हाय का. त्यांच्यात सगळंच येगळं. खाणं येगळं, देव गळ्यात, माती बी येगळी. माणूस गेलं की नवरदेवावानी सजवून, बसवून नेत्यात. आपल्यात आडवं. तुला झेपंल का ते.

मी सांगितलं की लिंगायतांमध्ये दफन असतं, हे मला माहीत आहे, त्यात झेपण्यासारखं काही नाही. आणि विषयाशी त्याचा संबंध नाही. आईचे गुडघे पुन्हा आले आणि फोन संपला.

आज पान चार पूर्ण. फोन चार. पैकी तीन तांत्रिक.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२.३०

नवी कल्पना. स्थिर फोटो कोणीही दाखवेल. एक ॲप आहे, जुन्या फोटोतला चेहरा चार सेकंद जिवंत करतं. पापणी लवते, मान किंचित वळते, हसू येतं. पान नऊ हलतं करायचं. खाली सनईचा तुकडा.

मूळ स्कॅन ॲपने घेतला नाही. ‘चेहरा आढळला नाही’ असा संदेश. माझी दुरुस्त आवृत्तीही दोनदा नाकारली. तिसऱ्यांदा गाल आणखी उजळले तेव्हा घेतली.

परिणाम समाधानकारक. अप्पा १.२ सेकंदाला डोळे उघडतात, २.८ ला हसतात आणि मान उजवीकडे वळवतात. ती वळताना थोडी अडखळते. पाच वेळा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी त्याच जागी अडखळते.

लुंबिनीने माझ्या लॅपटॉपवर टॉवेल टाकायला सुरुवात केली आहे. धूळ बसते म्हणाली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ७.००

अमरनाथची उत्तरं आखूड होत आहेत. आज ‘ठीक’, ‘बघू’ आणि एक अंगठा. कामाचा ताण. बीडला एक मशीन बसवायची आहे.

बोलता बोलता त्याने सांगितलं की रविवारी उदगीरहून पाहुणे आले होते. दुकान बघितलं, मग घर बघितलं, मग अव्वांच्या पाया पडले. सोबत त्यांची मुलगी होती, बी.फार्म. तिने उप्पीट खाल्लं. मी विचारलं, त्यांनी भांडी घेतली का. नाही म्हणाला. मला वाटतं त्यांना भाव जास्त वाटला असेल.

मी त्याला विचारलं की १५ तारखेचा क्रम तोच आहे ना. म्हणाला, तुझं ते झालं की बोलतो बाबांशी. माझ्याकडून उशीर नको, एवढाच याचा अर्थ.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.००

काल दवाखान्यात एका छातीच्या फिल्मवर डावं-उजवं उलट गेलं. डॉक्टरांनी वेळीच पाहिलं. मला म्हणाले, आरती, तुझ्याकडून हे पहिल्यांदाच. खोलीतला प्रकाश कमी आहे. देखभाल विभागाला लेखी कळवलं.

एकूण पानं सात. ठरावाप्रमाणे अठ्ठावीस होतात, पण स्क्रॅपबुकच चोवीसचं आहे, म्हणजे ठरावाच्या मांडणीतच चूक होती. नवा ठराव: बारा पानं. काटेकोर संपादन.

१२ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ७.४५

बारापैकी अकरा पूर्ण. पान नऊ अंतिम. सनईचा आवाज डोळे उघडतात त्या क्षणी सुरू होतो. चार सेकंद कमी वाटतात, म्हणून तीन वेळा पुनरावृत्ती. वर कमान, झेंडूच्या पाकळ्या सावकाश पडतात, खाली अक्षरं: ‘अप्पांचा सत्कार, १९८७’. अक्षरांना सोनेरी कड.

लुंबिनीने आज टॉवेल काढून सगळं पाहिलं. एकदाच. मग मूळ स्कॅन दाखव म्हणाली. तो बराच वेळ मोठा करून बघत बसली. मी डबा आवरत होते. तिचं बोलणं इथे शब्दशः लिहिते, कारण मला ते अतार्किक वाटलं.

“सत्काराला बायका पदरात तोंड घालून बसत नाहीत, आरती. घरी एक फोन लाव. नुसतं विचार.”

मी म्हटलं, उन्हाचा मुद्दा मी नोंदवला आहे. ती म्हणाली, सावली कुठं पडलीय बघ, ऊन कुठाय. मी म्हटलं, आता विचारलं तर सरप्राइज जाईल. शिवाय जो प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर आपल्याला माहीत असेल तर विचारण्यात वेळ जातो.

ती कपडे वाळत घालायला गेली. तिला माझ्या लग्नाची काळजी वाटते, हे मी समजू शकते.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७.२०, बसमध्ये

नांदेड सोडून तास झाला. पेन ड्राइव्ह दोन, एक पर्समध्ये, एक सॉक्समध्ये. खाकी पाकीट डब्यात. साडी गर्द हिरवी, भडक नाही. मनःस्थिती सामान्य. नाडी शहाण्णव, बसच्या धक्क्यांमुळे.

अमरनाथला सकाळपासून तीन फोन. उचलले नाहीत. घरात पूजेची गडबड असणार.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५.५०, परतीच्या बसमध्ये

क्रमाने लिहिते.

घरात साठेक माणसं होती. अमरनाथने दारात माझी ओळख करून दिली: या मॅडम, फोटोचं काम यांनीच केलं. अव्वा मधल्या खुर्चीवर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, इरकल नेसलेल्या, कपाळावर विभूती. मी पाया पडले. त्यांनी माझा हात धरून विचारलं, कुण्या गावची ग. मुरुडजवळची म्हटलं. मुरुडच्या बाजाराला त्या पूर्वी गेल्या होत्या म्हणे. हात बराच वेळ सोडला नाही. इथपर्यंत सर्व अपेक्षेप्रमाणे.

जेवणानंतर स्क्रॅपबुक. पानं एक ते आठ उत्तम. म्हशीवरून हशा झाला. कोणीतरी विचारलं, ह्यात नवरी कोणती. अव्वा म्हणाल्या, दूध देत न्हाई ती. उमाशंकर काकांच्या, म्हणजे अमरनाथच्या वडिलांच्या, कॉलेजच्या फोटोत पँटची मोहरी इतकी रुंद की एका मामाने त्यात दोन पोती सोयाबीन मावेल म्हटलं. काका स्वतः हसले. वर्षाराणी मला म्हणाली, मॅडम, भारी केलंय की. या वेळी मॅडमनंतर थांबली नाही. अमरनाथने माझ्याकडे बघितलं आणि वडिलांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला. मी वेळ पाहिली. २.०४.

मग पान नऊ.

कमान आली. पाकळ्या पडू लागल्या. अप्पांनी डोळे उघडले. सनई सुरू झाली. ते हसले आणि त्यांची मान उजवीकडे वळली, अडखळली, पुन्हा वळली. टीव्हीच्या उजवीकडे अव्वांची खुर्ची होती. ही जागा मला आधी कळवली असती तर दिशा बदलता आली असती.

स्वयंपाकघरात भांडं पडलं ते हॉलभर ऐकू आलं. दुसऱ्यांदा डोळे उघडले तेव्हा काका उठून उभे राहिले. अमरनाथ रिमोट शोधत होता. रिमोट कोणाच्या तरी मांडीखाली होता. तिसरी पुनरावृत्तीही पूर्ण झाली.

अव्वांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. थेट कपाळापर्यंत. मग टीव्हीकडे न बघता मला म्हणाल्या,

“ह्यांना कशाला उठिवलं ग बाई? लई मुश्किलीनं बसिवलं होतं.”

टीव्ही बंद झाला. पानं दहा ते बारा दाखवता आली नाहीत. काकांनी माझ्यापुढे हात जोडले. फार सभ्यपणे. बस चुकंल तुमची, म्हणाले. माझी बस पावणेपाचची होती. तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वर्षाराणीने स्टीलच्या डब्यात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, आणि भाजी बांधून दिली, डबा परत नको म्हणाली. अमरनाथने रिक्षा बोलावली. तो रिक्षात बसला नाही.

निष्कर्ष: प्रतिसाद खोल होता. वयस्कर माणसांवर हलत्या प्रतिमेचा परिणाम जास्त होतो. पुढच्या वेळी पुनरावृत्ती एकच.

१६ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६.३०

टीव्हीची सेटिंग्ज चुकीची होती, हे लक्षात आलं. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करण्याची सोय आपोआप चालू असते. त्याने चेहरे विचित्र दिसतात. अमरनाथला तसं सविस्तर लिहून पाठवलं, स्क्रीनशॉटसह. वाचल्याची खूण आली.

तो वडिलांशी बोलला का, ते विचारलं नाही. त्याला वेळ देणं योग्य.

फोन सहा. सर्व तांत्रिक.

१८ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी ७.१०

वर्षाराणीचा फोन. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. हे का वाटलं, ते माहीत नाही.

ती म्हणाली, तो अप्पांच्या मातीचा फोटो हाय. आडतीत बसल्या बसल्या गेले. लेक बीदरहून येईपर्यंत थांबवलं, तोवर अंग ताठलं. आमच्यात बसवूनच न्यावं लागतं. मांडी घालायला दोन तास लागले. मान राहीना, म्हणून पट्टी बांधली. तरी राहीना, म्हणून मागून धरावं लागलं. मखरात, मग गावातून, मग खड्ड्यापर्यंत.

“धरलं ते बाबांनी. सोळा वर्षांचे होते. मॅडम, तुम्ही बाबांचा हात पुसलात.”

पदरवाल्या बायकांत पहिल्या अव्वा होत्या, असंही म्हणाली. त्याही मी काढल्या, हे तिने सांगितलं नाही. ते मी आता स्कॅन उघडून पाहिलं.

मृत्यूनंतर शरीर किती तासांनी ताठतं आणि किती तासांनी सैल पडतं, हे मला पाठ आहे. परीक्षेत त्यावर पैकीच्या पैकी गुण होते.

मी वर्षाराणीला सांगितलं की मूळ स्कॅन सुरक्षित आहे, हात परत आणता येईल. तिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

लुंबिनीला काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. दोन चहा केले, एक माझ्यापुढे ठेवला.

२१ डिसेंबर, रविवार. दुपारी २.००

पान नऊची नवी आवृत्ती केली. डोळे मिटलेले. पट्टी, हात, बायका, सगळं मूळच्यासारखं. पाकळ्या नाहीत, कड नाही, सावली नाही. अक्षरं नाहीत. म्हणजे तो नुसता स्कॅनच झाला. हे करायला चार तास लागले.

अमरनाथला पाठवला. सोबत एक परिच्छेद: चूक माहितीच्या अभावी झाली, हेतू चांगला होता, सुधारित प्रत जोडली आहे. परिच्छेद वाचून पाहिला. आम्ही मशीन बिघडल्यावर रुग्णांना देतो तसं पत्र झालं होतं. तरी पाठवला, कारण दुसरा सुचला नाही.

मला वाटतं याने फरक पडेल. तो समजूतदार आहे. संक्रांतीपर्यंत सगळं शांत होईल. त्यानंतर तो वडिलांशी बोलेल.

१४ जानेवारी २०२६, बुधवार. रात्री ८.००

संक्रांत. अमरनाथला तिळगुळाचा निरोप पाठवला. साधा, चित्र नसलेला. एक खूण. मोबाइल बंद असेल.

ठराव: आठवडाभर वाट बघायची. उत्तर न येणं हे उत्तर नसतं.

१९ जानेवारी, सोमवार. संध्याकाळी ६.१५

आज सीटी मशीनची तिमाही तपासणी होती. अमरनाथ अकराला आला. इतर कर्मचारी होते, म्हणून मला मॅडम म्हणाला. मीही सर म्हटलं. आम्ही दोन वर्षं तसंच करतो.

त्याने पंखा बदलला, फिल्टर साफ केले, कॅलिब्रेशन घेतलं. मी आकडे वाचत गेले, तो लिहीत गेला. सगळे मर्यादेत. मशीन तुम्ही नीट ठेवली आहे, असं तो म्हणाला. मग बाकीचे जेवायला गेले.

मी विचारलं, सुधारित प्रत मिळाली का. मिळाली म्हणाला. अव्वांना दाखवली का. नाही. अव्वा आता हॉलमध्ये बसत नाहीत, टीव्हीसमोरून जाताना पदर घ्यायच्या. शेवटी बाबांनी टीव्ही दुकानावर नेला.

मी म्हटलं, मी लातूरला येऊन काकांशी बोलू शकते. सगळं समजावून सांगू शकते. माझ्याकडे प्रत्येक टप्प्याची नोंद आहे.

तो स्क्रू ड्रायव्हर पुसत होता. बराच वेळ पुसला.

“बाबा तुला नावं ठेवीत न्हाईत, आरती. पोरगी लई हुशार हाय म्हणले. पण इचारीत न्हाई म्हणले.”

मग उदगीरचं ठरलं, एवढं त्याने सांगितलं. महाशिवरात्रीनंतर साखरपुडा. मी अभिनंदन म्हटलं. मला ते योग्य शब्द वाटले. त्याने मान हलवली आणि सर्व्हिस रिपोर्ट पुढे केला.

रिपोर्ट तिहेरी असतो, निळा, पिवळा, पांढरा. ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात त्याने आधीच ‘नाही’ लिहिलं होतं. मी सही केली, तारीख टाकली, शिक्का मारला. पांढरी प्रत त्याने घेतली. खोका उचलून तो लिफ्टकडे गेला. मी मशीनपाशी थांबले, कारण दोनचा पेशंट आत यायचा होता.

पेशंट गेल्यावर पिवळी प्रत फाइलला लावताना शेवटची ओळ वाचली. यापुढे नांदेडला दुसरे इंजिनिअर येतील, कृपया नवा नंबर नोंदवून घ्यावा.

नंबर नोंदवून घेतला.